आठ बाइटांचे अंतर

फाइल दाबून लहान करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, 'झेडयूटिल.सी' नावाची एक लहानशी फाइल आहे. तिच्या शेवटच्या भागात टर्बो सी या सी भाषेच्या कंपायलरसाठी (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्या साधनासाठी) लिहिलेला मजकूर येतो. त्यावरची टिपणी सांगते, की टर्बो सीचे 'मॅलॉक', म्हणजे मेमरी मागून देणारे फंक्शन, ६४ किलोबाइटचा अखंड तुकडा देऊ शकत नाही. 'फारमॅलॉक' तो देते, पण त्याने दिलेल्या पॉइंटरचा, म्हणजे पत्त्याचा, ऑफसेट (मेमरीच्या ठरावीक भागाच्या सुरुवातीपासूनचे अंतर) ८ असतो, म्हणून तो पॉइंटर दुरुस्त करून घ्यावा लागतो. ज्यां-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी १९९५ मध्ये जगापुढे ठेवलेली ही लायब्ररी आज फोनमध्ये, ब्राउझरमध्ये आणि पीएनजी चित्र उघडणाऱ्या बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅममध्ये काम करते. तिचा वापर करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या आठ बाइटांशी कधी काही देणेघेणे असेल. मी मात्र त्या टिपणीपाशी बराच काळ थांबलो, कारण नागपुरातल्या एका प्रयोगशाळेचे काम नेमके तिच्यावर अवलंबून होते.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राची तपासणी प्रयोगशाळा आहे. तिथले एक मोजमापाचे उपकरण आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या कार्डाने एका जुन्या २८६ प्रोसेसरच्या संगणकाला जोडलेले आहे, आणि उपकरणाबरोबर आलेला प्रोग्रॅम फक्त डॉस या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालतो. उपकरणाची अचूकता दरवर्षी तपासली जाते आणि ते आजही त्या कसोटीला उतरते. त्यामुळे केवळ संगणक जुना झाला म्हणून ते काढून टाकण्याचे कारण त्याला दिसत नव्हते, आणि मलाही दिसत नाही. "भाऊ, मशीन मस्त चालून राहिलं, त्याच्या पोटातला डेटा तेवढा लवकर बाहेर काढून दे," एवढेच त्याचे म्हणणे होते. हा डेटा म्हणजे आकड्यांच्या ओळींनी भरलेल्या साध्या टेक्स्ट फाइल. त्या सीरियल केबलने ९६०० बॉडच्या वेगाने शेजारच्या संगणकावर पाठवल्या जात. या वेगाला सेकंदाला सुमारे ९६० बाइट जातात, म्हणजे एका मेगाबाइटला अठरा मिनिटे लागतात, आणि डॉस एका वेळी एकच काम करत असल्याने तेवढा वेळ मोजमाप थांबून राहते. आकड्यांची टेक्स्ट फाइल दाबली, म्हणजे कॉम्प्रेस केली, की ती मूळच्या लहानशा हिश्श्याएवढी होते. तेव्हा पाठवण्याआधी फाइल त्याच संगणकावर दाबावी हे उघड होते, आणि त्यासाठी मला झेडलिब आणि तिच्याबरोबर येणारा 'मिनीजीझिप' हा फाइल दाबणारा छोटा प्रोग्रॅम हवा होता.

तयार प्रोग्रॅम उतरवून घेता आला असता. मी सोर्समधून बांधण्याचे ठरवले, कारण या संगणकावर किती मेमरी मोकळी मिळेल हे आधीच ठरलेले होते आणि प्रोग्रॅमला किती लागेल हे ठरवण्याची जागा सोर्समध्येच होती. २००५ सालची १.२.३ ही आवृत्ती मी निवडली. तिच्या संचात 'एमएसडॉस' नावाचा स्वतंत्र फोल्डर आहे आणि त्यात बोरलँड, मायक्रोसॉफ्ट, डीजेजीपीपी, ईएमएक्स आणि टर्बो सी या कंपायलरांसाठी वेगवेगळ्या मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या आज्ञांच्या फाइल, आहेत. टर्बो सीच्या मेकफाइलच्या माथ्यावर २.०१ या आवृत्तीचे नाव आहे. ही आवृत्ती बोरलँडने पुढे आपल्या जुन्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातून मोफत खुली केली, त्यामुळे कंपायलर कुठून आणायचा हा प्रश्न राहिला नाही.

आता त्या आठ बाइटांकडे येतो. २८६ च्या घराण्यातल्या मूळ ८०८६ प्रोसेसरचा पत्ता २० बिटांचा असतो, पण त्याची रजिस्टरे १६ बिटांची असतात. म्हणून पत्ता दोन भागांत लिहिला जातो: सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवायचा. २८६ वर डॉस चालते तेव्हाही हाच नियम लागू राहतो. ऑफसेट १६ बिटांचा असल्याने एका सेगमेंटमधून जास्तीत जास्त ६५,५३६ बाइट दिसतात, म्हणजे बरोबर ६४ किलोबाइट. झेडलिबची फाइल दाबणारी पद्धत मागच्या ३२ किलोबाइट मजकुराची खिडकी लक्षात ठेवते, आणि नेहमीच्या मांडणीत तिला चार तुकडे लागतात. पहिल्यात खिडकीच्या दुप्पट मजकूर असतो. दुसऱ्यात आधीच्या जुळण्यांची साखळी असते. तिसरा जुळण्या पटकन शोधण्यासाठीचा हॅशचा तक्ता आणि चौथा बाहेर जाणाऱ्या चिन्हांचा साठा. या चारही तुकड्यांचा आकार प्रत्येकी नेमका ६४ किलोबाइट येतो, म्हणजे एकूण २५६ किलोबाइट. चारपैकी एकही तुकडा एका बाइटनेसुद्धा मोठा नाही. प्रत्येक जण सेगमेंट काठोकाठ भरतो.

अशा काठोकाठ भरणाऱ्या तुकड्याची सुरुवात ऑफसेट ८ पासून झाली, तर त्याचे शेवटचे आठ बाइट सेगमेंटच्या बाहेर पडतात. प्रोसेसर तिथे थांबत नाही आणि कोणतीही सूचना देत नाही. ऑफसेट ६५,५३५ च्या पुढे गेला की तो पुन्हा ० होतो, आणि ते आठ बाइट सेगमेंटच्या सुरुवातीला लिहिले जातात, जिथे 'फारमॅलॉक' त्या तुकड्याची स्वतःची नोंद ठेवते. प्रोग्रॅम पुढे चालत राहतो, फाइलही तयार होते, आणि बिघाड कधीतरी नंतर, मेमरी परत करण्याच्या वेळी, भलत्याच ठिकाणी उघड होतो. झेडलिबच्या लेखकांनी यावर केलेला उपाय मला फार देखणा वाटतो. मागताना १६ बाइट जास्तीचे मागायचे, मिळालेल्या पॉइंटरचा सेगमेंट पुढच्या सोळाच्या पटीवर सरकवायचा आणि ऑफसेट शून्य करायचा. मात्र असा सरकवलेला पॉइंटर मेमरी परत घेणाऱ्या 'फारफ्री'ला परत देता येत नाही, कारण तिला मूळचाच हवा असतो. म्हणून मूळ आणि सरकवलेला अशा जोड्यांचा एक तक्ता त्याच फाइलमध्ये ठेवला आहे. त्या तक्त्यात दहा ओळींची सोय आहे आणि शेजारी कारण लिहिले आहे: दहा गुणिले ६४ किलोबाइट म्हणजे ६४० किलोबाइट. डॉसच्या सगळ्या मेमरीची सीमाच तेवढी असल्याने अकरावी जोडी कधी येऊच शकत नाही. पुस्तकांमध्ये ६४० किलोबाइटचा आकडा मी अनेकदा वाचला होता. एका तक्त्याची लांबी ठरवण्यासाठी तो इतक्या काटेकोरपणे वापरलेला मात्र इथेच पाहिला.

मला या लेखात जे सांगायचे आहे ते याच ठिकाणी सांगून टाकतो. लायब्ररी सोर्समधून कंपाइल करणे हे काम आपण बहुतेक वेळा एका आज्ञेत उरकतो, आणि आजच्या संगणकावर त्यात वावगे काही नाही. पण डॉसवर तेच काम करताना प्रत्येक मर्यादा स्वतः पुढे येऊन उभी राहते, आणि सोर्समध्ये त्या मर्यादेचे उत्तर कोणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवलेले सापडते. ते उत्तर केवळ वाचून मला उमगले नसते. ज्या यंत्रासाठी ते लिहिले त्या यंत्रावर बांधायला बसलो तेव्हाच त्याची गरज दिसली.

फाइलींची नावेच पाहा. डॉसमध्ये नावाला आठ अक्षरे आणि प्रकाराला तीन अक्षरे एवढीच जागा असते. झेडलिबमध्ये 'कॉम्प्रेस.सी' आहे, कारण इंग्रजीत त्या शब्दाची अक्षरे बरोबर आठ होतात. पण तिच्या जोडीच्या उलट्या कामाची फाइल मात्र 'अनकॉम्प्र.सी' अशी अर्ध्यावर तोडलेली आहे. 'इन्फट्रीज', 'मिनीजीझिप' आणि 'ॲडलर३२' ही नावेही त्या आठ अक्षरांत बसतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'चेंजलॉग' या फाइलचे नाव मात्र नऊ अक्षरांचे आहे, आणि डॉसवर उतरताना तिचे शेवटचे अक्षर जाते. लायब्ररी बांधायला त्या फाइलची गरज नसते, म्हणून तिथे तोडातोड केली नसावी असा माझा समज आहे. जी फाइल कंपायलरच्या हाती जाते ती प्रत्येक फाइल मात्र मर्यादेच्या आत आहे.

यानंतर आज्ञेच्या लांबीचा प्रश्न येतो. डॉस प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या आज्ञेची ओळ देते ती १२८ बाइटांच्या जागेत, आणि एवढ्या जागेत बारा ऑब्जेक्ट फाइलींची (कंपाइल झालेल्या तुकड्यांची) नावे मावत नाहीत. मेकफाइलमध्ये म्हणूनच नावांचे दोन गट पाडलेले आहेत. 'टीलिब' या लायब्ररी बांधणाऱ्या साधनाला आधी पहिला गट द्यायचा आणि मग त्याच लायब्ररीत दुसरा गट मिळवायचा. प्रत्येक नावाच्या आधी अधिकचे चिन्ह असते, म्हणजे 'ही फाइल आत घे'. बोरलँडच्या मेकफाइलमध्ये ही ओळ १२८ बाइटांच्या मर्यादेसाठी तोडली आहे असे स्पष्ट लिहिलेले आहे. आज कोणी ती मेकफाइल नीटनेटकी करायला घेतली आणि दोन गटांचा एक गट केला, तर ती वाचायला सोपी होईल आणि डॉसवर चालणार नाही. अशा टिपणी जपून ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते, कारण कोडमधली विचित्र वाटणारी जागा निरर्थक आहे की गरजेची, हे ठरवायला पुढच्या माणसाजवळ दुसरा कोणताच आधार नसतो.

मेमरी मॉडेल, म्हणजे कोड आणि डेटा किती सेगमेंटांत ठेवायचा याची निवड, हा टर्बो सीचा सर्वांत महत्त्वाचा विषय. इथे मी थोडा रेंगाळतो, कारण नागपुरात अभियांत्रिकी शिकणारी मुले अधूनमधून माझ्याकडे येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांनी टर्बो सीचा निळा पडदा डॉसबॉक्स या इम्युलेटरमध्येच, म्हणजे डॉसच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, पाहिलेला असतो. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून विंडोज ७ च्या सुमारास टर्बो सी आणि डॉसबॉक्स यांची एकत्र बांधलेली जोडी सगळीकडे पसरली. त्या मुलांनी सी भाषा अशा यंत्राच्या नकलेवर शिकली, जे त्यांनी कधी पाहिले नाही. एका मुलीने मला विचारले होते, "सर, माझ्याकडे पॉइंटर दोन बाइटचा येतो आणि पुस्तकात चार बाइटचा लिहिलाय, यातलं खरं कोणतं?" दोन्ही खरे आहेत. स्मॉल मॉडेलमध्ये डेटाचा पॉइंटर म्हणजे नुसता ऑफसेट असतो, तो दोन बाइटांत मावतो आणि सगळा डेटा एकाच सेगमेंटमध्ये कोंबावा लागतो. लार्ज मॉडेलमध्ये पॉइंटर सेगमेंट आणि ऑफसेट दोन्ही घेऊन फिरतो, म्हणून तो चार बाइटांचा होतो आणि प्रोग्रॅम थोडा मोठा व थोडा मंद होतो. झेडलिबच्या मेकफाइलमध्ये मॉडेलचे अक्षर वरच लिहिलेले असते, आणि तयार होणाऱ्या लायब्ररीच्या नावातही ते अक्षर येते. लार्ज मॉडेलची लायब्ररी स्मॉल मॉडेलच्या प्रोग्रॅमला जोडली तर एकाने पाठवलेला पत्ता दुसऱ्याला अर्धवट मिळेल. नावातले ते एक अक्षर हा गोंधळ टाळण्यासाठी आहे. त्या मुलीला मी दोन्ही मॉडेलांत तोच प्रोग्रॅम कंपाइल करून दाखवला, आणि पुढचा तास तिने स्वतःहून प्रश्न विचारण्यात घालवला.

'इंट' हा सीमधला पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो, हीसुद्धा अशीच एक गोष्ट. टर्बो सीमध्ये त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. झेडलिबने आपले स्वतःचे दोन प्रकार ठरवले आहेत आणि शेजारी लिहिले आहे, की पहिला किमान १६ बिटांचा आणि दुसरा किमान ३२ बिटांचा. या दोन छोट्या टिपणींत लायब्ररीने यंत्राकडून काय गृहीत धरले आहे ते सगळे आले. जे गृहीत धरले ते लिहिले आणि जे लिहिले नाही ते गृहीत धरले नाही, म्हणूनच ती २८६ पासून आजच्या फोनपर्यंत चालू शकली असे मी मानतो.

बांधणीचे पहिले काम मी घरी, बजाजनगरात, डॉसबॉक्सवर केले. तिथे आपल्या संगणकावरचा एक फोल्डर 'सी' ड्राइव्ह म्हणून जोडता येतो, संपादन आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये करता येते आणि कंपायलर इम्युलेटरच्या आत चालवता येतो. बाहेरून बदललेली फाइल आत लगेच दिसली नाही तर कंट्रोल आणि एफ४ दाबून डॉसबॉक्सला फोल्डर पुन्हा वाचायला लावावे लागते. ही गोष्ट ठाऊक नसली तर जुनीच फाइल पुन्हा पुन्हा कंपाइल होत राहते. सोर्समधल्या ओळींचे शेवट मी आधीच डॉसच्या पद्धतीचे, म्हणजे १३ आणि १० या दोन बाइटांचे, करून घेतले होते. मेक चालवल्यावर ऑब्जेक्ट फाइली एकामागून एक तयार झाल्या, लायब्ररी बांधली गेली आणि चाचणीचा 'एक्झाम्पल' हा प्रोग्रॅमही नीट चालला.

डॉसबॉक्स हे मुख्यतः जुने खेळ चालवण्यासाठी २००२ पासून विकसित होत आलेले साधन आहे, आणि त्याचा स्वभाव उदार आहे. त्यातले डॉस इम्युलेटरचाच भाग असल्याने ६४० किलोबाइटपैकी जवळजवळ सगळी मेमरी प्रोग्रॅमला मोकळी मिळते. त्याचा प्रोसेसरही ३८६ किंवा त्यापुढच्या सूचना समजून घेतो. हिंगण्याच्या संगणकावर यातले काहीच खरे नव्हते. तिथे खरे डॉस, डिस्कचे आणि कार्डाचे ड्रायव्हर, आणि मोजमापाची वेळ राखणारा एक कायम बसलेला प्रोग्रॅम या सगळ्यांनी मिळून मेमरीचा मोठा भाग व्यापलेला होता. म्हणून दुसरी चाचणी मी ८६बॉक्सवर घेतली. हा इम्युलेटर बायोसपासून प्रोसेसरपर्यंत संपूर्ण यंत्र उभे करतो. त्यात २८६ निवडता येतो, तेवढीच मेमरी देता येते, आणि त्यावर डॉस आपल्याला स्वतः बसवावे लागते. प्रयोगशाळेतल्या 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' या डॉस सुरू होतानाच्या मांडणीच्या फाइलींचा तपशील मी तिथे शक्य तेवढा उतरवला. डॉसबॉक्स शिकायला आणि झटपट बांधणी करायला चांगले. पण एखाद्या विशिष्ट खऱ्या यंत्रासाठी काम करायचे असेल, तर संपूर्ण यंत्राची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरला पर्याय नाही असे माझे मत आहे.

या चाचणीत २५६ किलोबाइट मिळत नाहीत हे स्पष्ट झाले. याचीही तरतूद सोर्समध्ये होती. 'झेडकॉन्फ.एच' या फाइलमधली टिपणी सांगते, की 'मॅक्स_डब्ल्यूबिट्स' १४ आणि 'मॅक्स_मेम_लेव्हल' ७ अशी मूल्ये देऊन कंपाइल केले, तर मेमरीची गरज २५६ वरून १२८ किलोबाइटवर येते आणि फाइल दाबण्याचे प्रमाण काहीसे घटते. हिशेब मांडून पाहिला तर चारही तुकडे निम्मे होतात, प्रत्येकी ३२ किलोबाइटचे. आणि मग आणखी एक गोष्ट घडते: ३२ किलोबाइटचा तुकडा ऑफसेट ८ पासून सुरू झाला तरी तो सेगमेंटच्या आत निवांत मावतो, म्हणून पॉइंटर सरकवण्याचा तो सगळा खटाटोप मुळी करावाच लागत नाही. 'झेडयूटिल.सी'मधली एक अट हे तपासते आणि असा पॉइंटर मिळाला तसाच पुढे देते. ज्या आठ बाइटांनी मला इतका वेळ धरून ठेवले ते शेवटी माझ्या बांधणीत निरुपद्रवी ठरले. तरीही ती अट का लिहिली आहे हे कळल्याशिवाय मी हा बदल निर्धास्तपणे केला नसता.

स्टॅकचीही, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या डेटाच्या जागेचीही, अशीच सोय सापडली. टर्बो सीचा प्रोग्रॅम सुरू होताना त्याला फक्त ४ किलोबाइटचा स्टॅक मिळतो, आणि 'मिनीजीझिप'मधला वाचनाचा बफर, म्हणजे वाचलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा, १६ किलोबाइटचा आहे. फंक्शनच्या आत तो साधेपणाने जाहीर केला असता तर स्टॅक पहिल्याच वाचनाला ओसंडला असता. तिथे 'लोकल' नावाचा एक मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी बदलला जाणारा शब्द, आहे, जो १६ बिटांच्या डॉसवर 'स्टॅटिक' होतो, म्हणजे बफर स्टॅकबाहेर ठेवतो, आणि इतरत्र काहीच होत नाही; स्टॅकवर बंधन असलेल्या यंत्रांसाठी हे लागते असे शेजारी नोंदलेले आहे. फाइल वाचण्याच्या भागातला बफर इतरत्र १६ किलोबाइटचा असतो आणि १६ बिटांच्या डॉसवर ४ किलोबाइटचा. एकेका किलोबाइटचा असा विचार करण्याची सवय आज फारशी कोणाला लागत नाही, आणि लागू नये असेही नाही.

प्रोग्रॅम वापरताना एका गोष्टीकडे काटेकोर लक्ष द्यावे लागते. 'फाइलनाव.टीएक्सटी'च्या मागे '.जीझेड' जोडले तर ते नाव डॉसच्या नियमात बसत नाही, म्हणून मी बॅच फाइलमध्ये, म्हणजे डॉसच्या आज्ञांच्या यादीत, पुनर्निर्देशनाची चिन्हे (< आणि >) वापरून एका फाइलमधून वाचायचे आणि दुसऱ्या, आपण ठरवलेल्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचे अशी रचना केली. पण डॉसमधले सीचे प्रवाह मुळात टेक्स्ट पद्धतीचे असतात. लिहिताना १० हा बाइट आला की त्याच्या आधी १३ घातला जातो, आणि वाचताना २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असे समजले जाते. दाबलेल्या फाइलमध्ये हे बाइट कुठेही येऊ शकतात, आणि त्यांतला एक जरी बदलला तरी पुढचे सगळे वाया जाते. 'मिनीजीझिप'मध्ये यासाठी दोन्ही प्रवाह बायनरी पद्धतीत नेणारा एक मॅक्रो आहे आणि तो डॉस आणि विंडोजसारख्या यंत्रणांवरच खऱ्या अर्थाने काम करतो; युनिक्समध्ये त्याच्या जागी काहीही नसते. ज्याने लिनक्सवर हा सोर्स वाचला असेल त्याला ती ओळ रिकामी वाटेल. इथे सगळा डेटा त्या एका ओळीवर टिकून होता.

डीजेजीपीपीचा विचार मी केला नव्हता असे नाही. १९८९ मध्ये डीजे डेलोरी यांनी जीसीसी या मोफत सी कंपायलरचे मूळ लेखक रिचर्ड स्टॉलमन यांना तो कंपायलर डॉसवर आणण्याचा काही विचार आहे का असे विचारले होते. जीसीसी फार मोठे आहे आणि एमएस-डॉस १६ बिटांची आहे, त्यामुळे ते जमणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. डेलोरी यांनी ते करून दाखवले, आणि त्यातून उभा राहिलेला डीजेजीपीपी आजही डॉससाठी ३२ बिटांचे प्रोग्रॅम बांधतो. १९९६ सालचा 'क्वेक' हा खेळ त्याच्यावर कंपाइल केला गेला होता, आणि चार्ल्स सँडमन यांचा 'सीडब्ल्यूएसडीपीएमआय' हा मेमरी पुरवणारा छोटा प्रोग्रॅम त्या खेळाबरोबर असंख्य संगणकांवर पोहोचला. डीजेजीपीपीत पॉइंटर सरळ चार बाइटांचा असतो, सेगमेंटची काळजी उरत नाही, आणि झेडलिबचा टर्बो सीसाठीचा भाग कंपाइल होतच नाही. मुलांना मी तोच वापरायला सांगतो, कारण त्यावर लिहिलेला सी आजच्या कंपायलरवर जवळजवळ तसाच चालतो. पण त्याला किमान ३८६ लागतो, आणि हिंगण्याचा संगणक २८६ आहे. तिथे तो विषय संपला.

लायब्ररीची अंतिम बांधणी मी प्रयोगशाळेतल्या त्या संगणकावरच केली. इम्युलेटरमध्ये बांधलेला प्रोग्रॅमही तिथे चालला होता, पण पुढे कधी काही बदलायचे झाले तर त्याच यंत्रावर बदलता यावे अशी माझ्या मित्राची इच्छा होती, आणि ती मला योग्य वाटली. मे महिन्याचा शेवट होता, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) सुरू झाला होता, आणि दुपारी वीज जाण्याची शक्यता धरूनच काम करावे लागत होते. ही शक्यता प्रोग्रॅमच्या वापरातही विचारात घ्यावी लागली. डॉस फाइलचा आकार डिरेक्टरीत लिहिते ते साधारणपणे फाइल बंद होताना. मध्येच वीज गेली तर डिस्कवर मजकूर असूनही फाइलचा आकार शून्य दिसतो आणि तो मजकूर 'चेकडिस्क'ला बेवारस तुकड्यांच्या रूपात सापडतो. म्हणून बॅच फाइलमध्ये मूळ फाइल लगेच पुसण्याची आज्ञा मी ठेवली नाही. जीझिप या दाबलेल्या फाइलच्या स्वरूपात शेवटी आठ बाइटांचे शेपूट असते: चार बाइट सीआरसी-३२ या मजकूर तपासणाऱ्या आकड्याचे आणि चार बाइट मूळ लांबीचे. ते शेपूट नसेल किंवा जुळत नसेल तर पलीकडच्या संगणकावरची तपासणी लगेच सांगते, की फाइल अपुरी आहे. ती तपासणी पार पडली की मगच मूळ फाइल पुसायची, आणि तीही माणसाने, असा नियम ठरला. पाठवण्याचा वेळ आता इतका कमी झाला आहे, की मोजमाप जेवणाच्या सुट्टीपुरते थांबवून दिवसाच्या सगळ्या फाइली पाठवता येतात.

झेडलिब पुढे सरकली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीने फंक्शन लिहिण्याची सी भाषेच्या एएनएसआय प्रमाणाआधीची जुनी पद्धत सोडून दिली, आणि ते योग्यच झाले. टर्बो सी २.०१ ला सुद्धा नवी पद्धत समजते. प्रयोगशाळेसाठी मी १.२.३ वरच थांबलो आहे. तिथला 'मिनीजीझिप' फक्त स्वतःच्याच फाइली दाबतो, बाहेरून आलेले काही उघडत नाही, त्यामुळे नंतरच्या आवृत्त्यांमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांची उणीव इथे भासत नाही. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्रावर मी असे करणार नाही.

माझ्या मित्राकडे पुढे जो कोणी हे काम पाहील त्याच्यासाठी त्या संगणकावर सोर्सच्या फोल्डरमध्ये मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवली आहे, आणि तिची छापील प्रत मराठीत करून संगणकाच्या झाकणाच्या आत चिकटवली आहे. कंपायलर टर्बो सी २.०१, मेकफाइल टर्बो सीची, मॉडेल लार्ज, 'मॅक्स_डब्ल्यूबिट्स' १४, 'मॅक्स_मेम_लेव्हल' ७. त्याखाली झेडलिबच्या लेखकांनीच 'झेडकॉन्फ.एच'मध्ये दिलेला इशारा आपल्या शब्दांत लिहिला आहे: या संगणकावर दाबलेली फाइल इतर कोणत्याही जीझिपने उघडेल, पण दुसरीकडे जीझिपने दाबलेली फाइल इथे उघडणार नाही, कारण तिला ३२ किलोबाइटची खिडकी लागते आणि इथली खिडकी १६ किलोबाइटची आहे, अशी फाइल उघडली नाही तर ती खराब आहे असे समजू नये, ती शेजारच्या संगणकावर उघडावी.